बिजाचं घर

तळ्यात पाणी आहे तोवर ढिवराला कोणी हिंग लावूनही विचारत नाही, आणि तळं आटलं की सगळं गाव ढिवर होतं.

त्या साली चैत्र सरायच्या आधीच कोसमटोल्याचं तळं मधल्या खोलगटापुरतं उरलं. चांदा जिल्ह्याचे दोन जिल्हे करून सरकार मोकळं झालं होतं, त्याला चार-पाच वर्षं झाली असतील. पाऊस मात्र दोन्हीकडे सारखाच रुसलेला. धानाच्या बांध्यांत बैलाचा पाय अडकेल अशा भेगा पडल्या होत्या. तळ्याच्या काठावर बगळे, कावळे, कुत्री आणि माणसं एकाच ओळीत बसून त्या खोलगटाकडे बघत होती. कोणी कोणाला हाकलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाव मिळून तळं मारणार होतं. जो मासा दिसेल तो काढायचा, आणि जो चिखलात शिरला असेल त्याला कुदळीनं खणून काढायचा. पण त्याच्या आदला दिवस बिजाच्या घराचा.

ढिवर मोहल्ल्यातलं गिरजाबाईचं घर हे बिजाचं घर. मागं कोण्या पिढीत गावानं तळ्यातल्या सगळ्या मरळी खाऊन टाकल्या. पुढं पाऊस आला, तळं भरलं, पण कितीतरी वर्षं त्यात मरळ म्हणून दिसली नाही. तेव्हापासून ठरलं, की तळं मारायच्या आत या घरानं मोठ्या मरळी निवडून काढायच्या, घरात रांजणात जगवायच्या आणि पावसाचं पाणी आलं की परत सोडायच्या. मरळ वर येऊन हवा पिते, त्यामुळं थोडक्या पाण्यातही तग धरते. आणि बीज रांजणात आहे तोवर त्या घरच्या चुलीवर मासा चढायचा नाही, त्या घरच्या माणसाच्या तोंडात मासा जायचा नाही. मरळ नाही, झिंगा नाही, सुकट नाही. आता ढिवराच्या घरी मासा नाही म्हणजे काय राहिलं? पण ते घर पाळत आलं होतं.

गिरजाबाई लुगडं मांड्यांपर्यंत खोचून चिखलात उतरली होती. नवरा जाऊन दहा-बारा वर्षं झालेली, केस पिकलेले, पण चिखलात तिचा हात अजून गेला की रिकामा येत नसे. मागं तिचा लेक डोमा टोपली धरून उभा.

"हे घे. पोट पाह्य इचं, भरली हाये," ती मरळ दोन्ही हातांनी उचलत म्हणाली. "ते बारकी सोड. उद्या लोकायले खाऊ दे."

तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, डोमाची बायको गोकुळा बसली होती. दिवस भरत आलेले, पाय सुजलेले. तिचं माहेर होतं, पण माहेरी माय नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ती सासरीच राहिली होती. टोपलीतली मरळ शेपटी आपटायची तसं तिच्या तोंडाला पाणी सुटत होतं. पोटुशी बाई ती, तिचं काय चुकलं?

इतक्यात हरिदास आला. हाही मोहल्ल्यातलाच पोरगा, पण मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष झाल्यापासून पायजम्याला चिखल लागू देत नव्हता.

"काकू, कायले तरास घेता? यंदा पानी आलं की आपल्या सोसायटीले सरकारी बीज भेटते. रोहू, कटला. मरळ तं त्याईले खाऊन टाकते."

"माह्या सासऱ्याच्या आज्यापासून राखून राह्यलो आमी हे," गिरजाबाई मान वर न करता म्हणाली.

"तवा सोसायटी नव्हती ना, काकू."

"तवा तू बी नव्हता. तरी गाव जगलंच ना गा!"

काठावरचे लोक खदाखदा हसले. हरिदासही हसला. आठ मरळी निवडून झाल्या तशी गिरजाबाई चिखलातून वर आली, टोपलीवर ओलं फडकं टाकलं आणि गावाकडं वळली. दुसऱ्या दिवशी गावात घरोघर मासा शिजला. तीन दिवस त्या वासानं गोकुळाचा जीव कासावीस होत होता. तिनं जवसाच्या चटणीशी भात खाल्ला आणि ओकून टाकला.

घर म्हणजे कुडाच्या भिंतींची एक खोली आणि पुढं पडवी. खोलीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात गारवा राहतो म्हणून तिथं दोन रांजण वाळूत अर्धे पुरलेले. मरळ उडी मारते, म्हणून तोंडावर बांबूची जाळी आणि जाळीवर पाट्याचा दगड. त्याच कोपऱ्यात गोकुळाची खाट. कारण बाळंतिणीलाही गारवाच पाहिजे. वैशाख लागला आणि त्या खाटेवर तिला पोरगी झाली. बौद्ध मोहल्ल्यातली बायनाबाई बाळंतपणाला आली होती. गावातली निम्मी लेकरं तिच्याच हातावर पडलेली. जात पुसायला त्या वेळी कोणाला सवड असते?

पोरगी बारीक होती, पण रडली खणखणीत. गोकुळाला दूध मात्र येईना. दोन दिवस गेले, चार दिवस गेले, पोर नुसतं चोखायचं आणि चिडून रडायचं. घरात खायला होतं तरी काय? लाखोळीची डाळ, कण्यांची पेज, आणि डोमानं जंगलातून आणलेली मोहफुलं.

बायनाबाई पोरीला तेल लावायला यायची. पाचव्या दिवशी तिनं गोकुळाची छाती दाबून बघितली आणि सरळ गिरजाबाईला म्हणाली, "बाई, दूध काय असंच येते का वो? मरळीचा रस्सा देजो इले. चार दिवस दे, पाह्य कसा पान्हा फुटते तं."

"घरात बीज हाये," गिरजाबाई म्हणाली.

"बीज हाये म्हनूनच सांगून राह्यली मी. तुमच्या घरात हाये, आन बाळंतीण त्याच्या बाजूले उपाशी निजली हाये."

"माह्या सासूनं पाळलं, मी पाळलं. इले काही वेगळं हाये का?"

बायनाबाई उठली. तेलाची वाटी पदराखाली घेऊन निघून गेली.

दुपारभर घरात दुसरा आवाज नसायचा. डोमा पहाटेच तेंदूपानं तोडायला जंगलात गेलेला, सासू पाण्याला गेलेली. पोर रडून रडून निजलेलं. आणि रांजणातून मरळ वर यायची, हवा प्यायची, खाली जायची. गुळुप. थोड्या वेळानं दुसऱ्या रांजणातून गुळुप. गोकुळाच्या उशापासून हातभर अंतरावर. मरळीच्या रश्शात तिखट किती, लसूण किती, हे ती आढ्याकडे बघत मनातल्या मनात ठरवत बसायची. मग स्वतःलाच शिव्या घालायची. त्या शिव्या सासूलाही असायच्या, हे काय सांगायला पाहिजे?

पण सासू तरी काय पलंगावर लोळत होती? गावात नवीन हातपंप बसला होता, त्याच्या पाण्यानं मरळी सुस्त पडत, पोट वर करू लागत. म्हणून गिरजाबाई दोन वेळा उमा नदीच्या डोहावर जायची. उन्हात पायाचे तळवे भाजून निघत. डोक्यावर हंडा, कमरेवर घागर. घरी आल्यावर रांजणातलं अर्धं पाणी काढायचं, नवीन घालायचं, डोमानं जंगलातून वारूळ फोडून आणलेली उधई वरून टाकायची. मरळी झेपावून खायच्या. ते बघताना मात्र तिचा चेहरा सैल व्हायचा. एकदा बोटाला मरळीनं चावा घेतला तेव्हा ती हसली होती. गोकुळानं खाटेवरून ते हसणं बघितलं, आणि तिला जे वाटलं ते लिहिण्यासारखं नाही.

मग डोहही आटू लागला. पलीकडच्या गावच्या बायांनी तिथं पाळी लावली.

"कोन्या कामाले नेतेस वो, बाई?" एका बाईनं गिरजाबाईला विचारलं.

खोटं बोलायचं तिला सुचलं नाही. "माशायले," ती म्हणाली.

"इथी मानसाले पानी नाई आन हे माशायले नेऊन राह्यली!" त्या बाईनं भरलेला हंडा लाथेनं लवंडला. पाणी वाळूत गेलं. बाकीच्या हसल्या, एकीनं तर टाळी दिली. गिरजाबाई वाळूत बसून राहिली. सगळ्या गेल्यावर तिनं तळाशी उरलेलं गढूळ पाणी वाटीनं वाटीनं हंड्यात भरलं. घरी यायला दुपार कलली. काय झालं ते तिनं कोणाला सांगितलं नाही. ते गावात आपोआप पोचलं.

पोचलं ते वेगळ्याच रूपात. 'गिरजी पानी बिजाले नेते म्हनते, पन बीज कोनी पाह्यलं? रांजनं रिकामी असतीन. सून बाळंत हाये घरी, सोडते का थे!' ज्यांनी तळं मारून तीन दिवस पोटभर खाल्लं होतं, त्याच तोंडांतून हे निघालं. एका सकाळी मोहल्ल्यातले चार जण पडवीत येऊन बसले. सोबत हरिदास. विचारायची कोणाला लाज वाटत होती, म्हणून ते पावसाच्या गोष्टी करत होते.

गिरजाबाईनं ओळखलं. ती उठली, खोलीत गेली, रांजणांवरचे दोन्ही दगड खाली ठेवले. "या, पाह्यून घ्या. बाळंतिणीची खोली हाये, तरी या."

गोकुळा तोंडावर पदर ओढून भिंतीकडे वळली. ती माणसं एकामागं एक आत आली, वाकून रांजणात बघून गेली. छातीशी पोर घेऊन पडलेल्या बाईच्या अंगावरून त्यांच्या धोतराचे सोगे जात होते. "हायेत गा सगळ्या," एक जण म्हणाला आणि ते निघून गेले. रांजणाच्या बाजूला पोर निपचित पडलं होतं, ते कोणी मोजलं नाही.

महिना होत आला तशी पोरीची मांडी सुरकुतली. रडणं बारीक झालं. बायनाबाईनं स्वतःच्या शेळीचं दूध आणून कापसाच्या बोळ्यानं पाजलं, तेही पोरीला पचेना. हिरवी हगवण लागली. बायनाबाईनं मग शेवटचा उपाय केला. गिरजाबाई डोहावर गेली असताना तिनं पितळी झाकून झिंग्याचा रस्सा आणला. वाळलेले झिंगे होते, तिनं पावसाळ्यासाठी ठेवलेले. तेच उकळले होते.

"पी पटकन. मी दारात उभी राह्यतो," ती म्हणाली.

गोकुळानं पितळी तोंडाला लावली. दोन घोट गेले असतील. आणि कधी नव्हे ती गिरजाबाई त्या दिवशी लवकर परतली, कारण डोहावर पाणीच नव्हतं. वास तिला अंगणातच आला. तिनं रिकामा हंडा खाली टाकला, आत येऊन सुनेच्या हातातली पितळी घेतली आणि अंगणात फेकली.

"बाहेरून आनलं म्हनून काय झालं? तोंड तं याच घरचं हाये ना!"

बायनाबाईचा तोल गेला. "तुमी मानूस हा का कोन हा वो? अवो, लेकरू मरून राह्यलं तुमच्या घरात!"

"दोन घोट गेले, आता काय होईन ते त्या गंगामायलेच ठाऊक," असं पुटपुटत गिरजाबाई रांजणांपुढं जाऊन बसली, नाक घासू लागली. गोकुळा ओठ चाटत होती. अंगणात कुत्रं पितळी चाटत होतं. आणि खरं सांगायचं तर त्या बाईला भीती वाटत होती, खरीखुरी भीती. सासऱ्यानं तिच्या हातात रांजण देताना सांगितलं होतं, की या घराचा वंश या पाण्यावर आहे. बीज बाटलं तर घर बुडतं. आता नातीचे डोळे खोल गेले ते बीज बाटल्यामुळं, असंच तिच्या डोक्यात बसलं. दोन घोट आज पोटात गेले आणि पोर तर महिनाभर वाळत होती, हा हिशेब कोणी तिला समजावून सांगावा?

संध्याकाळी डोमा तेंदूपानं मोजून घेतात त्या फळीवरून आला. अंगाला पानांचा चीक, ओठ फुटलेले. त्यानं पोरीला हातात घेतलं. तिची मान धरावी लागत होती. बायकोनं सगळं सांगितलं. त्यानं पोरीला खाली ठेवलं, तो उठला आणि रांजणावरचा दगड बाजूला केला.

"डोमा," गिरजाबाई म्हणाली.

"एक काढतो. आठातली एक. बाकीच्या सोडून दे पानी आलं की."

"डोमा, हात नको लावू."

"माह्यी पोट्टी मरून राह्यली, माय!"

त्यानं कोपरापर्यंत हात घातला आणि मोठी मरळ गलफड्यात बोट घालून वर ओढली. गिरजाबाईनं शेपटीकडून धरली. मायलेकांनी ती मरळ दोन्हीकडून ओढली. बुळबुळीत मासोळी दोघांच्याही हातातून निसटली, जमिनीवर आपटली, चुलीच्या राखेत गेली. दोघं तिच्यामागं गुडघ्यांवर. डोमा पकडायचा, ती सुटायची; गिरजाबाई अंगावर पडायची. खाटेवरून गोकुळा ओरडली, "आत्याबाई, ते मरळ तं आपल्या पिल्लायले राखते वो! लाल पिल्लू मोठं होईस्तोर पानी सोडत नाई. आन तुमी? तुमी कोनाले राखून राह्यल्या?"

गिरजाबाईचे हात थांबले. पण तोवर राखेनं मरळीची गलफडं भरली होती. तिनं ती उचलून पाण्यात टाकली, तर ती वाकडी होऊन तरंगली. दोनदा तोंड उघडलं. मग मेली.

डोमानं ती रांजणातून काढून आईपुढं धरली. "आता तं मेली ना? आता शिजव."

"मेलेलं बीज मातीत जाते," गिरजाबाई म्हणाली. आवाज इतका बारीक की ऐकू येईना. "पोटात नाई. आजवर कोनी…"

डोमानं आईकडं बघितलं. तो तिला ढकलून चूल पेटवू शकत होता. धट्टाकट्टा पोरगा होता. पण मरळ हातात घेऊन तो उभाच राहिला, आणि मग त्याचंही आतलं काहीतरी ढासळलं. लहानपणापासून ऐकलेलं इतक्या सहजासहजी सुटतं थोडंच? त्यानं कुदळ घेतली, घरामागं जाऊन खड्डा केला आणि ती शेरभर वजनाची, ताजी, चांगली मरळ पुरून टाकली. गोकुळा कुडाच्या फटीतून बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं पोरीला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. डोमानं धुतलेलं धोतर नेसलं, गोकुळानं पोरीला फडक्यात गुंडाळलं. बस यायच्या आधी, रस्त्यावरच्या मोहाखाली, गोकुळाच्या मांडीवर पोर गेलं. रडलंही नाही. बस आली, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, कोणी चढत नाही बघून निघून गेली. डोमा परत घरी येऊन तीच कुदळ घेऊन गेला.

पोरीचं नावही ठेवायचं राहून गेलं होतं.

त्यानंतर त्या घरात बोलणं बंद झालं. गोकुळा उठली, कामाला लागली. शेणपाणी, दळण, तेंदूपानं. सासूनं वाढलेलं खायची नाही, स्वतःच्या हातानं घ्यायची. गिरजाबाई पाण्याला जायची. आता डोह नव्हताच. ती नदीच्या वाळूत झिरा खणून वाटीनं पाणी भरायची. एकदा भोवळ येऊन झिऱ्यातच पडली, हनुवटी फुटली. कोणी तिला दोन शब्द बोललं नाही. मोहल्ल्यानं तर हात झटकले. 'बिजापायी नात घालवली गिरजीनं,' असं आता तीच माणसं म्हणत होती, जी रांजणात वाकून बघून गेली होती. गावाचं बरं असतं, कुठल्याही बाजूनं बोललं तरी गावच.

मृग कोरडा गेला. आर्द्रा कोरडी गेली. आषाढ अर्धा झाल्यावर एका दुपारी वावटळ उठली आणि तिच्यामागून पाऊस आला. दोन दिवस, दोन रात्री ओतला. नाले धावू लागले, तळ्यात कमरेएवढं पाणी चढलं.

तिसऱ्या दिवशी उघाड पडली. गिरजाबाईनं अंघोळ केली, रांजणांना हळदीची बोटं लावली. सातही मरळी दोन गाडग्यांत काढल्या, डोमाच्या कावडीला लावल्या. "चल," ती म्हणाली. किती दिवसांनी तिच्या आवाजात जीव होता. गोकुळाला कोणी बोलावलं नव्हतं, पण तीही मागं निघाली. का निघाली, ते तिलाही सांगता आलं नसतं.

पाळीवर माणसंच माणसं. बायका टोपल्या घेऊन पाण्यात उतरलेल्या. पाणी तांबूस, फेसाळ, आणि त्यावर पांढरी पोटं तरंगत होती. डाडक, शिंगूर, झिंगे, बोटाएवढी पिलं. बेडूकसुद्धा. चिखलात तग धरून राहिलेलं, पावसानं वर आलेलं, जे काही होतं ते सगळं. काठाला रिकामी पोती पडलेली.

"मोहाची ढेप टाकली," डोमा म्हणाला. मोहाच्या बियांचं तेल काढून उरलेल्या त्या ढेपेनं मासे मरतात हे ढिवराच्या पोराला कोणी सांगावं लागत नाही. गिरजाबाईला मात्र कळून घ्यायचं नव्हतं. ती पाळीच्या पायऱ्या उतरू लागली. हरिदासनं धावत येऊन तिला अडवलं.

"काकू, नका सोडू आता. मरून जातीन."

"कोनं टाकली?"

"सोसायटीनं. मच्छी खात्याच्या साहेबानं सांगतलं, रोहूचं बीज सोडाच्या पयले तळं साफ करा लागते. मरळ, शिंगूर, सगळा खाऊ मासा मारा लागते. पंधरा-वीस रोजानं इसाचा जोर गेला की बीज येते."

"मंग पंधरा-वीस रोजानं सोडतो मी."

हरिदास खाली बघू लागला. वाईट पोरगा नव्हता तो. "मंग तं नाईच नाई, काकू. रोहूचं पिल्लू मरळ एका रोजात खतम करन. सगळ्या मोहल्ल्याचा हिस्सा हाये त्याच्यात." तो हळूच म्हणाला, "तुमच्या रांजनाची याद होती मले. पन काय करू? आता असं करा, घरी नेऊन खाऊन टाका. सुनेले बी कस नाई राह्यला अंगात."

गिरजाबाईनं त्याच्याकडं बघितलं. मग तळ्याकडं. कोणीतरी तिच्या पायाजवळून एक मेलेली शिंगूर उचलून टोपलीत टाकली. ती वळली.

घरी येईपर्यंत ती दोनदा बसली. पडवीत आल्यावर तिनं कोपऱ्यातली पावशी, चिरायची विळी, ओढली, पाय दुमडून तिच्यावर बसली आणि एका गाडग्यात हात घातला. मरळ काढली.

"गोकुळे," ती म्हणाली, "चूल पेटव. तिखट वाट. मी चिरून देतो."

गोकुळा दारातच उभी राहिली.

"पेटव पोरी. खा. सगळ्या खा. संपलं आता बिजाचं घर. मी तुले उपाशी ठेवलं, माह्या हातानं ठेवलं." आणि मग ती रडायला लागली, मोठ्यानं, गळा काढून, नात गेली तेव्हाही रडली नव्हती तशी. "कायच्यापायी ठेवलं मी? कायच्यापायी वो माय!"

पावशीच्या पात्यावर मरळ धरलेली. गोकुळा पुढं झाली आणि तिनं सासूच्या मुठीतून मरळ सोडवून घेतली. सहज सोडवली; त्या मुठीत जोर उरला नव्हता. मरळ तिनं पाण्यात टाकली आणि गाडग्याचं तोंड फडक्यानं बांधलं.

"मी नाई खात," ती म्हणाली.

"खा ना पोरी…"

"माह्यी पोट्टी याईच्यापायी गेली. याईले आता मरू देऊ? मंग ते कायच्यापायी गेली, सांगा!" ती ओरडत होती. "तवा मांगत होती मी, तवा नाई देल्लं. आता मी याईले खाऊन बसू? माह्या घशाखाली उतरन का? चला जी. कावड उचला."

"कुठी नेतेस?" डोमानं विचारलं.

जंगल खात्यानं त्या साली रानात वाघ-चितळांच्या पाण्यासाठी मातीचा बंधारा घातला होता. पहिल्याच पावसात तो भरल्याचं गुराखी सांगत होते. तिथं गावच्या माणसाला मनाई होती. जाळं टाकलं तर गार्ड धरून नेत असे. गोकुळानं तेच नाव घेतलं. "तिथी कोनी ढेप नाई टाकत," ती म्हणाली.

दीड कोसाची वाट. चिखलात पाय घोट्यापर्यंत रुतत होते. डोमा कावड घेऊन पुढं, गोकुळा एक गाडगं हातानं सावरत बाजूनं. गिरजाबाई मागून येत होती. तिला कोणी ये म्हणालं नव्हतं, येऊ नकोही म्हणालं नव्हतं. गार्ड दिसला नाही. बंधाऱ्याचं पाणी गढूळ, शांत होतं. काठावर चितळांचे खुर उमटलेले, त्यात पाणी साचलेलं.

गोकुळा मांडीएवढ्या पाण्यात शिरली आणि एकेक मरळ हातानं खाली धरून सोडत गेली. एक-दोन तर लगेच नाहीशा झाल्या. एक तिच्या पायाशी घोटाळत राहिली. गोकुळा वाकून तिच्याकडं बघत होती, आणि बघता बघता तिच्या तोंडून हुंदका फुटला. पाण्यातच उभी राहून ती रडली. डोमा काठावर पाठ फिरवून उभा होता, त्याचेही खांदे हलत होते.

बाहेर आली तेव्हा गिरजाबाई काठावर बसली होती. ती म्हणाली, "पुढं कोन राखन गोकुळे? माह्यानं तं आता…"

"मी राखीन," गोकुळा म्हणाली. "हे पानी आटलं तं यातूनच बीज घरी नेईन, रांजनात ठेवीन. पन त्या साली माह्या चुलीवर मासा चढन. घरात बाळंतीण असन तं पयली मरळ तिची, मंग बीज. आन त्या टायमाले तुमी आडव्या आल्या, आत्याबाई, तं तुमाले मी घराबाहेर काढीन. आताच सांगून ठेवतो."

गिरजाबाईनं मान हलवली. "काढजो," ती म्हणाली.

गोकुळानं पदर पिळला, रिकामी गाडगी कावडीला अडकवली आणि पाऊस पुन्हा यायच्या आत घरी पोचायचं म्हणून तिघंही निघाली.